अंदाजाची मोळी

साखर कारखान्याच्या गव्हाणीत हंगामाची पहिली मोळी पडते ती दसरा-दिवाळीच्या आगेमागे. पूजा होते, नारळ फुटतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'यंदा इतके लाख टन गाळपाचे उद्दिष्ट' अशी बातमी येते. वाचणाऱ्याला तो संकल्प वाटतो. खरे तर तो अंदाज असतो, आणि त्या अंदाजावर विसंबून पाच-सहा महिने आधीच पुष्कळ पैसा हललेला असतो. उन्हाळ्यात मुकादमांशी करार झालेले असतात, टोळ्यांना उचल दिली गेलेली असते, ट्रक-ट्रॅक्टर ठरलेले असतात, बँकेचे पूर्वहंगामी कर्ज मंजूर झालेले असते. पोत्यांपासून इथेनॉलच्या टाक्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीची मागणी 'ऊस किती येणार' या एका आकड्यातून निघते.

हा लेख त्या आकड्याविषयी आहे. आणि तो काढण्यासाठी शेकडो संगणकांनी मिळून गणित करण्याची जी पद्धत आहे, जिला 'ग्रिड संगणन' म्हणतात, तिच्याविषयी आहे. मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. बीड जिल्ह्यात राहून गेली वीस-बावीस वर्षे कारखान्यांचे वार्षिक अहवाल आणि जुने संगणक या दोहोंचा नाद केला, त्यातून जे समजले ते येथे मांडतो. बीडमधून हा विषय पाहण्याला एक कारण आहे. गेवराई-माजलगावच्या कालव्यांखाली ऊस उभा असतो, आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून तो ऊस तोडायला माणसे बाहेर पडतात. दरवर्षी लाखोंच्या संख्येने ती पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अंदाज चुकला की तो या जिल्ह्यात दोन्ही बाजूंनी चुकतो.

चार हंगाम

अलीकडचे चार हंगाम पाहू. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्रात सुमारे १३७ लाख टन साखर झाली. हा विक्रम होता, आणि हंगामाच्या सुरुवातीचे अंदाज त्याहून बरेच कमी होते. लागोपाठ चांगला पाऊस झालेला, जायकवाडी भरलेले. मराठवाड्यात लागण वाढली, एकरी उत्पादनही वाढले. मे उजाडला तरी मराठवाड्यात ऊस उभाच होता. सरकारला १ मेनंतर गाळलेल्या उसासाठी टनामागे २०० रुपये आणि ५० किलोमीटरपलीकडच्या वाहतुकीसाठी वेगळे अनुदान जाहीर करावे लागले. जूनपर्यंत कारखाने चालले. काहींनी उभा ऊस पेटवून दिला. बीड जिल्ह्यातून एका शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आली.

पुढच्या वर्षी, २०२२-२३ मध्ये, आदल्या वर्षाचा धडा घेऊन अंदाज १३८ लाख टनांच्या आसपास बांधला गेला. झाली सुमारे १०५ लाख टन. लांबलेल्या पावसाने खोडव्याचे वजन बसले होते. २०२३-२४ मध्ये ऑगस्ट कोरडा गेला. देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. म्हणून अंदाज ९० लाख टनांच्या आसपास आला. साखर कमी पडेल या धास्तीने केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, आणि आठवड्याभरातच ती काही प्रमाणात सैल केली. नोव्हेंबरअखेर अवकाळी पाऊस झाला होता. उसाने वजन धरले आणि साखर ११० लाख टनांच्या घरात गेली. २०२४-२५ मध्ये ती सुमारे ८० लाख टनांवर आली.

घरोघरी चहात पडणारी साखर या चार वर्षांत इतकी खालीवर झाली नाही. अमेरिकेतील एमआयटीचे जे. फॉरेस्टर यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात पुरवठा-साखळ्यांचा हाच स्वभाव गणिताने दाखवला होता. पुढे त्याला आसुडाचा परिणाम असे नाव पडले. आसुडाची मूठ बोटभर हलते, टोक हातभर फिरते. गिऱ्हाइकाकडची मागणी थोडी बदलते. पण साखळीतला जो तो मागच्याचा अंदाज ऐकून आपला अंदाज बांधतो आणि टोकाशी धक्का मोठा होतो. उसात त्याला उशिराची जोड मिळते. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला तर तोडणीला पंधरा ते अठरा महिने जातात. या वर्षीचा पाऊस पाहून केलेली लागण पुढच्याच्या पुढच्या वर्षीच्या बाजारात उतरते.

टोकाशी कोण आहे

आसुडाच्या टोकाशी कोयता आहे. तोडणीच्या व्यवहारात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक साधा हिशेब मांडतो. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना आहे, आणि एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो. म्हणजे २,५०० कोयते लागतील. सहा लाख टन उसाचा अंदाज असेल तर हंगाम १२० दिवसांचा, आणि प्रत्येक कोयत्याच्या वाट्याला २४० टन. त्या हिशेबाने उचल दिली गेली. प्रत्यक्षात ऊस साडेचार लाख टनच निघाला. म्हणजे अंदाज पंचवीस टक्क्यांनी चुकला. २०२२-२३ मध्ये राज्याचा अंदाज जवळपास इतकाच चुकला होता. हंगाम ९० दिवसांत आटोपतो आणि कोयत्याच्या वाट्याला १८० टन येतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये ठरला. त्या दराने ६० टनांची तूट म्हणजे एका जोडीला सुमारे २२ हजार रुपयांचा फटका. उचल मात्र आधीच घरखर्चात, लग्नात, दवाखान्यात गेलेली असते. ती फिटत नाही. पुढच्या हंगामाच्या नावावर चढते.

उलट अंदाज कमी आणि ऊस जास्त झाला, तर टोळी मे-जूनच्या उन्हात फडातच अडकते. गावाकडची कोरडवाहू रानं पेरणीला वाट पाहत राहतात, आणि कालव्याखालच्या शेतकऱ्याचा ऊस वाळून वजन घटते. दोन्ही चुका सारख्या नाहीत आणि एकाच माणसाच्या माथी पडत नाहीत. म्हणून 'यंदा सहा लाख टन' असा एकटा आकडा हा अर्धाच अंदाज आहे. 'सहा लाख, पण दहापैकी एका शक्यतेत साडेचारच्या खाली आणि एका शक्यतेत साडेसातच्या वर' असे कोणी सांगितले, तर करार करताना त्याचा उपयोग होतो. हा पट्टा काढायला मात्र गणित खूप लागते. तिथे ग्रिडचा संबंध येतो.

सरी वाटून घेण्याचे गणित

उसाचा वाढीचा हिशेब करणारी प्रारूपे जगात आहेत. लागणीची तारीख, वाण, जमीन, पाणी, ऊन आणि पाऊस दिला की तोडणीच्या दिवशी वजन किती भरेल हे ती सांगतात. महाराष्ट्रात उसाखाली बारा लाख हेक्टर क्षेत्र धरले, आणि एकरी एक तुकडा मानला, तर सुमारे ३० लाख तुकडे होतात. पुढचे सहा महिने कसे जातील हे कोणालाच माहीत नसते. म्हणून प्रत्येक तुकड्यावर हजार वेगवेगळी हवामाने चालवून पाहायची: काही २०१५ किंवा २०१८ सारखी कोरडी, काही २०२१ च्या सप्टेंबरसारखी अतिवृष्टीची, आणि बरीचशी अधलीमधली. ३० लाख गुणिले हजार म्हणजे ३०० कोटी हिशेब. एकाला सेकंदाचा दहावा भाग लागतो असे धरले, तर एका प्रक्रियकाला साडेनऊ वर्षे लागतील. तोवर नऊ हंगाम उलटलेले असतील.

पण या कामाचा एक गुण आहे. माझ्या तुकड्याचा हिशेब करताना शेजारच्या तुकड्याचे उत्तर लागत नाही. टोळीच्या कामात हा फरक रोज दिसतो. तोडणी करताना प्रत्येक कोयता आपापली सरी धरतो. एक पुढे गेला, एक मागे राहिला, तरी अडत नाही. ट्रक भरताना मात्र सगळ्यांची लय जुळावी लागते. एक थांबला की मागची रांग थांबते. हवामानाचे प्रारूप ट्रक भरण्यासारखे आहे. औरंगाबादवरचा वारा काढायला नगरवरचा वारा क्षणाक्षणाला लागतो. म्हणून त्याला एका छताखालचा महासंगणक हवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये आलेला 'प्रत्यूष' आणि २०२४ मध्ये आलेला 'अर्का' त्यासाठी आहेत. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये केलेला 'परम ८०००' हा या वाटेवरचा आपला पहिला टप्पा. त्यातही एकच मोठा प्रक्रियक घेण्याऐवजी अनेक लहान प्रक्रियकांत काम वाटले होते.

उसाच्या तुकड्यांचे काम सरी धरण्यासारखे आहे. त्याला महासंगणक लागत नाही. दूरदूर विखुरलेले, वेगवेगळ्या मालकांचे साधे संगणक चालतात. इयन फॉस्टर आणि कार्ल केसेलमन यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात या कल्पनेला विजेच्या जाळ्यावरून 'ग्रिड' हे नाव रूढ केले. बटण दाबताना वीज कोणत्या केंद्रातून आली हे आपण विचारत नाही, तशी संगणकाची ताकद मिळावी, ही कल्पना. परग्रहावरचे संदेश शोधण्यासाठी १९९९ पासून लाखो लोकांनी घरचे रिकामे संगणक दिले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००३ पासून तशाच घरगुती संगणकांवर पृथ्वीच्या हवामानाचे एकच प्रारूप थोड्याथोड्या फरकाने हजारो वेळा चालवले. एका आकड्याऐवजी शक्यतांचा पट्टा मिळवला. युरोपातील सर्न प्रयोगशाळेची आकडेवारी जगभरातील दीडशेहून अधिक केंद्रांत वाटून तपासली जाते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांतील एक. भारतात सी-डॅकने 'गरुडा' नावाचे ग्रिड उभारले. त्याच्या पहिल्या टप्प्यात १७ शहरांतील ४५ संस्था जोडल्या होत्या.

घरी मी तीन जुने संगणक तारेने जोडून याचा लहानसा नमुना चालवतो. एकाला रात्रभर पुरणारे काम तिघांत वाटले की साधारण तिसऱ्या हिश्श्यात संपते. मधेच वीज गेली आणि एक बंद पडला, तर वाटप करणारा कार्यक्रम त्याच्या उरलेल्या सऱ्या दुसऱ्याला देतो. आजारी पडलेल्या कोयत्याचे काम मुकादम असेच फिरवतो.

आता राज्याचा हिशेब पुन्हा करू. सुमारे दोनशे कारखाने आहेत. प्रत्येकाने कचेरीतले दहा संगणक रात्रीपुरते दिले, आणि प्रत्येकात चार प्रक्रियक धरले, तर आठ हजार प्रक्रियक होतात. साडेनऊ वर्षांचे काम साडेदहा तासांत उरकते. संध्याकाळी कचेरी बंद झाल्यावर सुरू केले तर सकाळी शिपाई कुलूप उघडेपर्यंत उत्तर तयार. दर पंधरवड्याला, नवा पाऊस धरून, ते पुन्हा काढता येईल.

अडते कुठे

म्हणजे गणिताची ताकद एका रात्रीची आहे. अडचण नोंदीची आहे. कारखान्याचा शेतकी विभाग लागणीची नोंद घेतो: गट क्रमांक, क्षेत्र, वाण, तारीख. पण आपला ऊस वेळेवर जाईल याची खात्री नसलेला शेतकरी दोन-दोन कारखान्यांकडे नोंद करून ठेवतो, तर कोणी नोंदच करत नाही. त्यामुळे सगळ्या कारखान्यांच्या नोंदींची बेरीज एकाच वेळी जास्तही असते आणि कमीही. साखर आयुक्तालयाने २०२२ मध्ये 'महा-ऊस नोंदणी' हे अॅप काढले ते शेतकऱ्याला स्वतः नोंद करता यावी म्हणूनच. उपग्रहावरून क्षेत्र मोजले जाते, तेही उपयोगाचे आहे. पण आकाशातून लागण आणि खोडवा वेगळा ओळखणे, वाण ओळखणे, वजन ओळखणे सोपे नाही.

नोंदवही शेजारच्या कारखान्याला दाखवायला कोणी तयार नसतो. चांगला ऊस कुठे आहे हे कळले तर तो पळवला जाईल ही भीती असते, आणि ती निराधार नाही. येथे ग्रिडचा एक नियम कामाला येतो. फॉस्टर यांनी २००२ मध्ये ग्रिडच्या तीन कसोट्या सांगितल्या. त्यातली पहिली अशी, की जोडलेली साधने एका मालकाच्या ताब्यात नसतात. जो तो आपल्या वस्तूचा धनी राहतो. वही पुण्याला पाठवण्याची गरज नाही. हिशेबाचा कार्यक्रम वहीकडे येतो, कारखान्याच्याच संगणकावर चालतो आणि फक्त बेरजेचा पट्टा बाहेर जातो. दुबार नोंद शोधण्यासाठी गट क्रमांकाचे सांकेतिक रूप पुरते; त्यावरून मूळ क्रमांक सहजी कळू नये याची तजवीज करता येते. दुसरी कसोटी सर्वांना खुल्या, समान नियमांची. तिसरी, मिळून केलेल्या कामाचा दर्जा सुट्या कामांच्या बेरजेहून सरस असण्याची. महाराष्ट्राला ही भाषा परकी नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा कारखाना १९५० मध्ये उभा राहिला तो अशाच रचनेवर: जमीन ज्याची त्याची, गाळप सर्वांचे.

समान नियमांचे महत्त्व एका बारकाव्यात दिसते. प्रत्येक कारखान्याने आपापल्या मर्जीची हजार हवामाने धरली, तर बेरजेत एकाचा दुष्काळ दुसऱ्याच्या अतिवृष्टीत विरून जातो. राज्याचा पट्टा फार अरुंद निघतो आणि अंदाज खोटा भरवसा देतो. प्रत्यक्षात पाऊस ओढ देतो तेव्हा गेवराईत, केजमध्ये आणि नगरमध्ये बहुधा एकदमच देतो. म्हणून तीच हजार वर्षे, त्याच क्रमाने, सर्वांनी चालवली पाहिजेत. संगणक कितीही जोडले तरी हे आधी माणसांनी बसून ठरवावे लागते.

आणि फडात उतरून मोजणेही सुटत नाही. साताऱ्याच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात पीक कापणी प्रयोगावरून जुना वाद झाला होता. लहान तुकडा कापून मोजला तर काठावरची रोपे आत धरली जातात आणि उत्पादन फुगून दिसते, असे सुखात्मे यांनी दाखवून दिले. मूळ मोजमापच फुगलेले असेल, तर त्यावर केलेले ३०० कोटी हिशेब ती फूग अचूक राखतात.

चुकीचा वाटा

समजा, हे सगळे जुळून आले. तरी पट्टा शून्य रुंदीचा होणार नाही. नोव्हेंबरातला अवकाळी पाऊस जूनमध्ये कोणाला दिसत नाही. मग उरलेली चूक कोणी सोसायची? आजवर या प्रश्नाचे उत्तर कोणी लिहून दिले नाही, म्हणून ती आपोआप सर्वांत खाली उतरते.

लिहून देता येते, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. २०२० च्या खरिपात येथे पीक विम्याचा जो प्रयोग झाला, त्याला पुढे 'बीड पॅटर्न' म्हटले गेले. नुकसानभरपाई जमा विमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली, तर वरचा भार राज्य सरकारने उचलायचा. ८० टक्क्यांहून कमी राहिली, तर कंपनीने हप्त्याच्या २० टक्क्यांपर्यंत ठेवून उरलेले परत करायचे. २०२२ मध्ये ही पद्धत राज्यभर लागू झाली. विम्यातल्या इतर वादांत मी येथे शिरत नाही. घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की अंदाज वरच्या बाजूने चुकला तर कोण आणि खालच्या बाजूने चुकला तर कोण, हे पेरणीच्या आधी कागदावर आले.

तोडणीच्या करारात हेच करता येईल. उन्हाळ्यात पट्टा जाहीर व्हावा. उचल पट्ट्याच्या मधल्या आकड्यावर ठरावी. ऊस पट्ट्याच्या खालच्या कडेहून कमी निघाला, तर न तोडलेल्या टनांपुरती उचल कोयत्याच्या नावे पुढे ओढू नये. ती कारखाना आणि ऊसतोड कामगारांचे कल्याणकारी महामंडळ यांनी वाटून घ्यावी. त्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे रक्कम घेण्याची सोय आहेच. ऊस वरच्या कडेहून जास्त झाला, तर एप्रिलनंतरच्या तोडणीला वाढीव दर आणि शिल्लक उसाला वजनघटीची भरपाई, दोन्ही आधी ठरलेली असावीत. २०२२ मध्ये अनुदान मे महिन्यात, आरडाओरड झाल्यावर आले. तोवर उसाचे वजन गेले होते.

यंदाही गव्हाणीत मोळी पडेल आणि लाख टनांचा आकडा छापून येईल. तो वाचताना दोन प्रश्न विचारता येतील: या आकड्याच्या खाली-वर किती जागा सोडली आहे, आणि त्या जागेत ऊस गेला तर कोणाच्या खात्यावर काय लिहिले जाणार आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर काढायला दोनशे कचेऱ्यांतील संगणकांची एक रात्र पुरते. दुसऱ्याचे उत्तर मुकादमाच्या करारावर अंगठा उमटण्यापूर्वी द्यायचे आहे.